शेवाळ संपल्यावर काय?

न्यू जर्सीतल्या एडिसनमधली शनिवार सकाळ. बाहेर शेजारी गवत कापायचं यंत्र फिरवतोय. आत, सुट्टीत पुण्याहून आलेली भाची मामाच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर मांडी घालून बसली आहे.

भाची : मामा, काचेवर या खुणा कसल्या? कुणी पापे घेतल्यासारख्या दिसतात.

मामा : त्या खडकावर बघ. पुढच्या परांवर रेलून बसलाय तो.

भाची : तो होय! मला दगडच वाटला. अगं बाई, एक डोळा माझ्याकडे, दुसरा तुझ्याकडे! आणि डोळ्यांवर झिरमिळ्या.

मामा : हा लॉनमोअर ब्लेनी. बाहेर घरघरतंय ना, त्याच यंत्राचं नाव याला दिलंय. शास्त्रीय नाव सलारियास फॅसिएटस. तांबड्या समुद्रापासून सामोआपर्यंतच्या प्रवाळखडकांत राहतो. वाढून वाढून १४ सेंटिमीटर.

भाची : आणि गवत कापतो कसं?

मामा : ओठांमागे फणीसारखी बारीक दातांची रांग असते. तिनं तो चावत नाही, खरवडतो. शेवाळ आणि त्यात अडकलेला गाळ, दोन्ही पोटात जातं. तुला दिसले ते पापे म्हणजे त्याची न्याहारी.

भाची : म्हणजे फुकटचा सफाई कामगार!

मामा : इथंच माणूस फसतो. मीही फसलो होतो. पहिला ब्लेनी आणला तेव्हा टाकी जेमतेम दोन महिन्यांची, खडकांवर हिरवे केस माजलेले. त्यानं महिनाभरात खडक लख्ख केले. मी खूश, येईल त्याला दाखवत होतो. हळूहळू त्याचं पोट खपाटीला गेलं. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता.

भाची : पण इतर माशांना तू खाणं घालायचास ना?

मामा : घालायचो, कोळंबीचा चुरा. याचा जन्म खडक खरवडण्यात जातो, त्यानं तिकडे पाहिलंच नाही. आता सुशीला गुंडाळतात ते नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, चिमट्यात अडकवून काचेला लावतो. तेल-मसाला नसलेलं बघून आणायचं. शिवाय स्पिरुलिनाच्या गोळ्या. टाकीही जुनी हवी, खडकांवर चरायला काहीतरी उगवलेलं.

भाची : शेवाळ येतंच का पण?

मामा : आपण घातलेलं खाणं आणि माशांची विष्ठा कुजून पाण्यात नायट्रेट, फॉस्फेट साठतं. शेवाळाला ते खत. ब्लेनी शेवाळ खातो खरा, पण विष्ठेतून खत पुन्हा पाण्यातच. म्हणून आरओचं पाणी वापरायचं, खाणं हात आखडून घालायचं, फेसाबरोबर घाण बाहेर काढणारा स्किमर चालू ठेवायचा आणि दर आठवड्याला साधारण १० टक्के पाणी बदलायचं.

भाची : दोन ब्लेनी ठेवले तर?

मामा : जागेवरून मारामारी. ही टाकी ४० गॅलनची, म्हणजे दीडशे लिटर. हिच्यात एकच. आणि वरची जाळी काढू नकोस, उडी मारून जमिनीवर येतो. भुकेला राहिला तर प्रवाळालाही तोंड लावतो.

भाची : पुण्याला गेल्यावर मीही अशीच टाकी करते.

मामा : मासा ठेव, प्रवाळ नको. खडक बांधणारे प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. ते बघायचे तर मालवणला जा, पाण्यात डोकं घाल.

भाची : आणि मासा घेताना काय बघू?

मामा : आधी स्वतःला विचार, शेवाळ घालवायला आणतेयस की मासा पाळायला? शेवाळासाठी असेल तर ब्रश स्वस्त पडतो. पाळायचाच असेल तर पोट गोल आहे का बघ आणि दुकानदाराला समोर खाणं घालायला सांग. त्यानं खाल्लं तरच घे.