सोडियम दिव्यांचे इलेक्ट्रॉनिक चोक : त्यांत फेरफार करावा कीं न करावा ?

शेवंतीच्या हरितगृहांत रात्रीं दिवे लावण्याची चाल आपल्याकडील फुलशेती करणाऱ्यांस आतां नवी राहिलेली नाहीं. शेवंती हें लहान दिवसाचें झाड होय. रात्र लांबली म्हणजे तें कळीवर येतें, आणि दांडा पुरता वाढण्यापूर्वींच कळी धरली तर त्या फुलास बाजारांत किंमत येत नाहीं. दिवसाच्या लांबीचा व फुलण्याचा हा संबंध अमेरिकेंतील गार्नर व अ‍ॅलर्ड ह्या शास्त्रज्ञांनीं १९२० सालीं प्रसिद्ध केला. मध्यरात्रीच्या सुमारास कांहीं तास प्रकाश देऊन कळी थोपविण्याची रीत ह्याच ज्ञानावर उभी आहे. ज्यांनीं कांहीं वर्षांपूर्वीं ह्या कामाकरितां सोडियमचे मोठे दिवे घेतले, त्यांजकडे ते अद्याप चालू आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत एक प्रश्न असतो : दिव्याचा इलेक्ट्रॉनिक चोक गांवच्या कारागिराकडून उघडून त्याचे वॉट कमीजास्त करून घेतां येतील काय ? ह्याचें उत्तर देण्यापूर्वीं चोक हा करतो काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे.

वायूंतून वाहणाऱ्या विजेचा स्वभाव तारेंतल्या विजेहून निराळा आहे. तारेचा विरोध बहुतेक ठरलेला असतो. दिव्याच्या नळींतील ज्योतीचें तसें नाहीं. तेथें प्रवाह वाढला कीं विरोध घटतो, आणि विरोध घटला कीं प्रवाह आणखी वाढतो. बांधाला पडलेल्या खिंडारासारखी ही गोष्ट आहे. पाणी वाहील तसतसें खिंडार रुंदावतें, आणि खिंडार रुंदावेल तसतसें पाणी वाढतें. पेटलेल्या दिव्याच्या वाटेंत कांहीं आवर नसेल तर क्षणांत फ्यूज तरी उडेल किंवा दिवा तरी जाईल. हा आवर घालणारा तो चोक होय. ४०० वॉटच्या सोडियम दिव्यावर, ज्योत स्थिरावल्यानंतर, सुमारें १०० व्होल्टांचा दाब असतो व ४.६ अँपिअर प्रवाह वाहतो. जुना तांब्यालोखंडाचा चोक हें काम मुकाट्यानें करतो. मात्र स्वतः ३५-४० वॉट उष्णतेंत घालवितो, आणि जोडीला कंडेन्सर नसेल तर मुख्य तारेंतून जरुरीच्या दुप्पट प्रवाह ओढतो. दिवा पेटविण्यास लागणारा तीन ते पांच हजार व्होल्टांचा झटका इग्निटर देतो.

इलेक्ट्रॉनिक चोकाची रचना अगदींच वेगळी आहे. त्याच्या पेटींत मुख्य वीज प्रथम एकदिशा केली जाते, सुमारें ४०० व्होल्टांवर चढविली जाते, कंडेन्सरांत सांठविली जाते, आणि मग ट्रान्झिस्टरांच्या साह्यानें पुन्हां उलटसुलट करून दिव्यास दिली जाते. ही उलटापालट कांहीं पेट्यांत सेकंदास शेंदोनशें वेळां, तर कांहींत हजारों वेळां होते. ह्या आंकड्यांत मोठी मेख आहे. पोकळ मडक्यांत ठराविक सूर लावला कीं तें घुमूं लागतें. त्याचप्रमाणें दिव्याच्या नळींतील तप्त वायुही ठराविक वेगाच्या विजेनें घुमूं लागतो. मग ज्योत थरथरते, वांकून नळीच्या भिंतीस लागते, व नळी तडकतेही. म्हणून कारखानदार विशिष्ट दिव्याकरितां विशिष्ट वेग ठरवितो. मेटल हलाईडचे दिवे ह्या बाबतींत फार नाजूक असतात. सोडियमची पेटी असतांना तिच्यावर मिळेल तो मेटल हलाईड दिवा चढविणें हा फेरफार पेटी न उघडतां होतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. तसा तो नाहीं. मेटल हलाईडची नळी फुटून बाहेरची कांचही फुटली, तर तापलेले तुकडे पिकावर व माणसावर पडतात.

आतां वॉट वाढविण्याविषयीं. प्रवाह मोजणारा एक लहानसा रोध बदलला कीं पेटी अधिक शक्ति देऊं लागते, असें कांहीं दुरुस्ती करणारे सांगतात. तें खोटें नाहीं. परंतु पेटींतील फेराइटचा गाभा ठराविक प्रवाहापुरताच बेतलेला असतो. त्यापलीकडे तो भरून जातो, प्रवाह एकदम उसळतो, व ट्रान्झिस्टर जळतात. तेवढ्यांतून पेटी वांचली तरी दिव्याची नळी अधिक तापते, आंतील दाब चढतो, व दिवा अकालीं जुना होतो. आणि एवढें करून मिळावयाचें काय ? कळी थोपविण्यास पिकाच्या शेंड्यावर सुमारें १०० लक्स प्रकाश पुरे होतो. दिव्याखालीं ५०० लक्स पडला म्हणून कोंपऱ्यांतील अंधारे वाफे सुधारत नाहींत. जेथें कळी अवेळीं येते तेथें लक्समापक घेऊन रात्रीं वाफ्यावाफ्यानें फिरावें. दोष बहुधा दिव्याच्या शक्तींत नसून टांगणीच्या अंतरांत सांपडतो.

वॉट कमी करण्याची गोष्ट इतकी वाईट नाहीं. सोडियमचा दिवा प्रथम दहापंधरा मिनिटें पूर्ण शक्तीवर तापूं दिला, तर पुढें अर्ध्यापर्यंत मंद करतां येतो. रंग मात्र अधिक पिंवळा होतो. पण हें काम कारखान्यांतूनच मंद करण्याची सोय असलेल्या पेटीनें करावें. पेटी फोडून नव्हे.

वीज वांचविण्याकरितां कित्येक जण आणखी एक युक्ति योजूं पाहतात. जुन्या तारेच्या दिव्यांनीं शेवंतीस अर्ध्या तासांत सहा मिनिटें प्रकाश व बाकी अंधार, असें आळीपाळीनें देतां येतें. सोडियमच्या दिव्यांस ही रीत लागू पडत नाहीं. विझलेला दिवा थोडा निवाल्याखेरीज पुन्हां पेटत नाहीं, पेटल्यावर पूर्ण तेजावर येण्यास तीनचार मिनिटें घेतो, आणि प्रत्येक पेटण्याबरोबर त्याचें आयुष्य झिजतें. तापलेलाच दिवा पेटवावयाचा तर २० हजार व्होल्ट व त्याहूनही अधिक दाब लागतो. साधा होल्डर व साधी तार तो सोसणार नाहीं. इग्निटर बदलून हें साधूं पाहणाऱ्यास आमचा स्पष्ट नकार आहे.

पेटी उघडण्यांत सर्वांत मोठा धोका जिवाचा आहे. वीज बंद करून पिन काढल्यावरही आंतील कंडेन्सरांत ४०० व्होल्टांचा सांठा उरतो. १०० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर त्या दाबावर ८ ज्यूल शक्ति धरून असतो; ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसास तेवढी चेष्टेवारी नेण्याजोगी नव्हे. सांठा उतरविणारा रोध आंत असतो, परंतु तो तुटला आहे कीं शाबूत आहे हें बाहेरून दिसत नाहीं. म्हणून जाणत्या कारागिरानेंही पांच मिनिटें थांबून, मीटरनें दाब पाहून, मगच हात घालावा. लीकेजचा ब्रेकर वारंवार पडतो म्हणून तो वगळून थेट जोडणी केलेली दिसली, तर ती त्याच दिवशीं मोडून टाकावी.

कोणते फेरफार करावे, तेंही सांगतों. पेटी हरितगृहांतून काढून बाहेर सावलींत, वाऱ्याच्या जागीं व पावसापासून सुरक्षित टांगावी. दमट हवा, खतांचे क्षार व गुलाबाच्या घरांत जाळलेल्या गंधकाची वाफ ह्यांनीं आंतले सांधे गंजतात. शिवाय कंडेन्सरांचें आयुष्य दर १० अंश सेंटिग्रेड उष्णतेमागें जवळजवळ निम्में होतें, हें लक्षांत ठेवावें. मात्र पेटी व दिवा ह्यांमधील तार कारखानदारानें सांगितलेल्या लांबीपलीकडे वाढवूं नये, नाहींतर पेटविणारा झटका वाटेंतच क्षीण होतो. फुगलेले कंडेन्सर व बंद पडलेला पंखा त्याच मापाचे नवे घालून घेणें ही दुरुस्ती होय. त्यास आमची हरकत नाहीं. ज्यांचे चोक जुन्या लोखंडी धाटणीचे आहेत, त्यांनीं रात्रींचा दाब मोजून २२० किंवा २४० व्होल्टांच्या योग्य टोंकास जोडणी करावी. कारण दाब शेंकडा ५ नें हलला तर अशा दिव्याची शक्ति शेंकडा १०-१२ नें हलते. दिवा पेटतो, विझतो, निवून पुन्हां पेटतो, असें चाललें तर चोकास दोष देण्यापूर्वीं नवा दिवा लावून पाहावा. म्हाताऱ्या सोडियम दिव्याचें तें लक्षण आहे.

इलेक्ट्रॉनिक पेटीचा खरा वैरी आपल्या खेड्यांत वेगळाच आहे, तो म्हणजे तुटका न्यूट्रल. तीन फेजांच्या लाइनीवर न्यूट्रल सुटला कीं हलक्या भाराच्या फेजवर दाब ३०० व्होल्टांवरही चढतो, आणि एका रात्रींत सर्व पेट्या जातात. पिकाच्या ऐन वाढींत चारसहा रात्री अंधारांत गेल्या तर कळी थांबत नाहीं. जास्त दाबावर आपोआप वीज तोडणारें साधन मुख्य फळ्यावर बसविणें व न्यूट्रलचे सांधे पावसाळ्यापूर्वीं आंवळून घेणें, ह्यास येणारा खर्च एका पेटीच्या किंमतीपुढें थोडका आहे.

ज्यांस आज नव्यानें दिवे घ्यावयाचे आहेत त्यांनीं सोडियमच्या वाटेस जाऊं नये. ४०० वॉटचा संच, चोकासह, चार तासांत पावणेदोन युनिट वीज खातो, आणि कळी थोपविण्याचें काम मुख्यतः तांबडा प्रकाश करतो. लहान तांबडे एलईडी दिवे जवळजवळ टांगले तर प्रकाश सारखा पडतो, व ते आळीपाळीनें चालू-बंदही करतां येतात. जुने संच काढतांना एवढें पाहावें कीं, ह्या दिव्यांत थोडा पारा असतो. फुटके दिवे शेताच्या बांधावर पुरूं नयेत किंवा विहिरीजवळ टाकूं नयेत. खोक्यांत भरून ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रास द्यावे.