तोडलेल्या उसातील साखर कोण खातो?

तोडलेला ऊस दोनतीन दिवस गुऱ्हाळाच्या आवारात पडून राहिला, की गुळाचा रवा चिकट निघतो व पावसाळ्यात पाझरतो, हे करवीर भागातील बागाईतदारांस सांगावयास नको. पाणी आटून वजन घटते ते काट्यावर तरी दिसते. साखरेची तूट मात्र कोणत्याही पत्रकात उतरत नाही.

उसाचे कांडे असंख्य सूक्ष्म पेशींचे बनलेले असते. पेशींत एन्झाइमे, म्हणजे विकरे, असतात. ही बहुधा प्रथिने होत. ती रासायनिक क्रिया त्वरेने घडवितात, परंतु स्वतः खर्च होत नाहीत. म्हणून त्यांचा अल्प अंशही पुष्कळ काम करतो. पैकी इन्व्हर्टेज हे विकर साखरेच्या रेणूस पाणी जोडून त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते. (विकरांच्या वेगाचा प्रसिद्ध नियम मायकेलिस व मेंटेन यांनी १९१३ साली बसविला, तो याच विकरावरून.) वाढत्या कोवळ्या कांड्यास या शर्करा हव्याच असतात, तेव्हा तेथे ते विपुल असते, पक्व कांड्यात ते मंदावते आणि साखर साठते. ऊस तोडला तरी पेशी लगेच मरत नाहीत. उन्हाने तो सुकू लागला, की हे विकर पुनः जोर करते. फुटलेल्या साखरेचा दाणा धरत नाही, उलट ती हवेतील ओल ओढते.

काहिलीत रस उकळला म्हणजे प्रथिनाची घडण मोडून विकर निकामी होते खरे. पण आधी फुटलेली साखर पुन्हा जुळत नाही. यास्तव वाड्यालगतची कोवळी कांडी छाटावी, मोळ्या पाचटाखाली झाकाव्या, आणि गुऱ्हाळाची पाळी ठरल्यावाचून फडास कोयता लावू नये.