काही होत नसताना तपासणी कशाला?

प्रश्न : सासूबाई ५२ वर्षांच्या आहेत. ‘मला काही होत नाही’ म्हणत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी टाळतात. कसं समजवावं?

उत्तर : काही होत नसतं, तेव्हाच ही तपासणी करायची असते. एचपीव्ही विषाणूचा संसर्ग रेंगाळून कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं जातात. त्या काळात ना दुखतं, ना अंगावरून रक्त जातं. आणि तेव्हाच बिघडलेला भाग छोट्या उपचाराने काढता येतो. पिशवीच काढतील, ही भीती बायकांच्या मनात फार खोल असते. ती त्यांना बोलू द्या, मगच माहिती सांगा.

आरोग्य केंद्रात गर्भाशयमुखाला सौम्य अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावून बघतात. मात्र पाळी गेल्यावर तो भाग आत सरकतो, नीट दिसत नाही. म्हणून सासूबाईंसाठी एचपीव्ही चाचणी कुठे होते ते जरूर विचारा. उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांमध्ये झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, या एकाच चाचणीने मृत्यूंचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं होतं.

तपासणाऱ्या बाईच असतील ना, हे आशाताईंकडून आधी विचारून घ्या. तुमची तिशी उलटली असेल, तर त्याच दिवशी तुम्हीही तपासून घ्या. सुनेसोबत जाणं त्यांना सोपं वाटेल.