आधी फट शोध

बाळा, तीस वर्षं शिडी खांद्यावर वाहून जे शिकलो, त्यातलं एक तुझ्या कानात घालून ठेवतो. ‘पोरानं रिमोटची गाडी काढली की टीव्हीवर पट्टे येतात, नेट तुटतं’ अशी तक्रार आली, तर पोराच्या हातचा रिमोट हिसकावू नकोस. आधी फट शोध.

कारण समजून घे. असे बरेच साधे रिमोट २७ किंवा ४९ मेगाहर्ट्‌झवर चालतात. जुन्या ॲनालॉग केबलमध्ये दोन नंबरच्या चॅनेलची जागा ४७ ते ५४ होती, म्हणजे ४९चा रिमोट थेट त्याच्या अंगणात. आताचं केबल इंटरनेट घरातून वर जाणारा डेटा बऱ्याच ठिकाणी ५ ते ६५ मेगाहर्ट्‌झमधून नेतं. २७ त्यातच आला. तरी दोघं भांडत नाहीत, कारण मध्ये केबलची जाळी असते. जाळी तुटली की बाहेरचं आत शिरतं आणि आतलं बाहेर पाझरतं. मग पोराची गाडीही मधेच अडखळते.

आधी खात्री कर. रिमोट चालू-बंद करायला लाव. बिघाड त्याच्या तालावर आला-गेला, तरच तो रिमोटचा. रिमोट २.४ गिगाहर्ट्‌झचा असेल तर केबल उकलत बसू नकोस. वाय-फायही तिथेच असतं, राऊटर ५ गिगाहर्ट्‌झवर टाकून बघ.

मग गच्चीपासून टीव्हीपर्यंत वायरीवरून हात फिरव. उन्हानं तडकलेलं कव्हर, पाणी शिरून काळी पडलेली जाळी, हातानं पिळून जोडलेली वायर, हे सगळं काप आणि नवं लाव. कनेक्टर बसवताना जाळी मागे दुमड. तिचा एक केससुद्धा मधल्या तारेला लागता कामा नये. कनेक्टर हातानं पूर्ण आवळ, मग पान्यानं किंचित.

स्प्लिटरचं रिकामं तोंड उघडं ठेवू नकोस, ७५ ओमचा टर्मिनेटर लाव. कपाटामागे लोंबणारा जुना तुकडा काढूनच टाक. २७ मेगाहर्ट्‌झची लहर ११ मीटरची, तिचा चौथा हिस्सा पावणेतीन मीटर. तेवढी वायर मोकळी राहिली की तिचा चांगला अँटेना होतो.

आळस करू नकोस, कारण वर जाणाऱ्या वाटेवर सगळ्या घरांचा गोंगाट एकाच नोडवर जमतो. एका घरची सैल पिन साऱ्या गल्लीला भोवते.

आणि घरच्यांना समजावून सांग. २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झचा पट्टा आपल्याकडे ५ वॉटपर्यंत बिनपरवाना आहे. पोरानं काही गुन्हा केलेला नाही.

काम झालं की त्याच पोराला हाक मार, टीव्हीसमोर गाडी चालवायला सांग. चित्र हललं नाही, नेट तुटलं नाही, तरच पावतीवर सही घे.