मुरुडचे सोमण गुरुजी

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे नाव उच्चारताच हिंगण्याचा आश्रम, १९१६ साली स्थापन झालेले महिला विद्यापीठ आणि १९५८ साली मिळालेला ‘भारतरत्न’ हा सन्मान डोळ्यांसमोर येतो. या कार्याचे मूळ मात्र कोकणातील मुरुड या समुद्रकाठच्या खेड्यातील मराठी शाळेत होते. तेथील सोमण गुरुजी आज फारसे कोणास ठाऊक नाहीत. खुद्द अण्णासाहेब कर्व्यांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आत्मवृत्ता’त त्यांचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले, म्हणूनच ते नाव टिकले.

अण्णांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा. घरची स्थिती बेताची. सोमण गुरुजी शाळेत पाठ घेत, तसेच गावाच्या भल्याबुऱ्याची काळजीही वाहत. बाहेरच्या जगात काय चालले आहे हे गावकऱ्यांस कळावे म्हणून देवळात वर्तमानपत्राचे वाचन होई आणि ते वाचण्याचे काम लहानग्या धोंडोपंतांकडे असे. स्वभावाने अतिशय लाजाळू असलेल्या या मुलास चारचौघांसमोर उभे करणे हाच एक धडा होता. क्रमिक पुस्तकात तो नव्हता, आणि तपासणीच्या शेऱ्यातही त्याची नोंद झाली नसेल.

पुढे १८७५ साली मराठी सहावीच्या परीक्षेसाठी हा मुलगा काही सोबत्यांसह भर पावसात घाट ओलांडून साताऱ्यास पायी गेला. अंतर शंभर मैलांहून अधिक. तेथे पोहोचल्यावर चणीने लहान दिसतो, वय पुरे वाटत नाही, एवढ्याच कारणावरून त्यास परीक्षेला बसू दिले नाही! पुढे कोल्हापूर केंद्रातून तो ही परीक्षा उत्तीर्ण झाला. ज्या अधिकाऱ्याने त्यास परत पाठविले, त्याचाही या आयुष्याच्या घडणीत वाटा आहे असे म्हणावयाचे काय? म्हणता येईल, पण फार जपून. अडथळ्याने माणूस घडतो हे वचन अडथळा आणणाऱ्याच्या तोंडी शोभत नाही. त्या वाटेने माघारी फिरून पुन्हा कधीच परीक्षेस न बसलेली मुले किती असतील, त्यांची आत्मवृत्ते कोणी लिहिली नाहीत.

गुरुजींनंतर अण्णांच्या आयुष्यात इतर माणसे आली. मुरुडचेच बालमित्र नरहरपंत जोशी यांच्यासह त्यांनी मुंबईत बिऱ्हाड केले. १८८४ साली ते गणित विषय घेऊन बी. ए. झाले. नरहरपंतांची बालविधवा बहीण गोदूबाई त्याच बिऱ्हाडात राहत असे, आणि पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत उघडलेल्या शारदासदनात ती पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. पहिली पत्नी वारल्यानंतर अण्णांनी १८९३ साली गोदूबाईंशीच पुनर्विवाह केला व पुढील सर्व कार्याची दिशा ठरली. नोकरीचा मार्ग बदलला तो गोपाळ कृष्ण गोखले यांच्यामुळे. लोकमान्य टिळक संस्थेतून बाहेर पडल्यावर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणारा हवा होता. गोखल्यांनी एल्फिन्स्टनमधील आपल्या या जुन्या सहाध्यायास बोलाविले आणि १८९१ साली अण्णा पुण्यास आले.

ही नावे मोठी आहेत. त्यांच्यापुढे गावच्या गुरुजींचे काम क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु गोखल्यांनी बोलाविले ते तयार झालेल्या माणसाला. गावासाठी काही करावे ही सवय त्या माणसात आधीच रुजलेली होती, आणि १८८६ साली मुंबईतील मिळकतीतून गावाच्या हितासाठी ‘मुरुड फंड’ काढण्यात ती दिसून आली होती. वयाच्या ७८ व्या वर्षी, १९३६ साली, जेथे शाळा नाही अशा खेड्यांत शाळा काढण्यासाठी ‘महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ’ स्थापून ते स्वतः दारोदार वर्गणी मागत हिंडले. विद्यापीठ स्थापन करणारा मनुष्य उतारवयात पुन्हा खेड्यातील पहिलीच्या वर्गाकडे वळला.

शाळेच्या जनरल रजिस्टरात विद्यार्थ्याची जन्मतारीख असते, दाखल झाल्याचा दिनांक असतो, शाळा सोडल्याचे कारण असते. कोणाच्या बोलण्याने तो पुढे शिकला, यासाठी रकाना नाही. तो रकाना शिक्षकांनी प्रथम स्वतःसाठी भरावा. आपण या व्यवसायात कोणामुळे आलो, कोणी पुस्तक दिले, कोणी फी भरली, कोणी घरी येऊन वडिलांची समजूत घातली, हे एका पानावर लिहावे. नाव आठवत नसेल तर प्रसंग लिहावा. ज्याने मोडता घातला त्याचेही लिहावे, मात्र नाव गाळून.

सातवीच्या वर्गात हाच विषय तोंडी घेता येईल. मुलांना ‘मोठेपणी कोण होणार’ असे विचारण्याऐवजी ‘तुला हे करावेसे कोणामुळे वाटले’ असे विचारावे व उत्तरास पुरेसा वेळ द्यावा. काही मुले आईचे, काही गावातल्या गवंड्याचे वा परिचारिकेचे नाव सांगतील. एखादे मूल गप्प राहील. त्याचे नाव शिक्षकाने टिपून ठेवावे, आणि त्या आठवड्यात वर्गापुढे वर्तमानपत्र वाचण्याचे काम त्याच्याकडे द्यावे.