छायाचित्रकारांची सभा
मुंबईत १८५४ साली हौशी छायाचित्रकारांची सोसायटी स्थापन झाली; कलकत्ता व मद्रास येथे १८५६ साली. मुंबईच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी हेही होते. सभेत सभासद आपापली चित्रे मांडीत व कृतीची चर्चा करीत. ही नुसती करमणूक नव्हे. काचेवरील कलोडियनचा लेप ओला असतानाच चित्र घेऊन ते धुवावे लागे. येथील उन्हाळ्यात ईथर झपाट्याने उडे, लेप वाळे आणि काच वाया जाई. थंड हवेच्या देशात लिहिलेली पुस्तके अशा वेळी अपुरी पडत. सोबत्याचा अनुभव मात्र उपयोगी पडे. १८५६ पासून निघालेल्या ‘इंडियन ॲमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम’ या मासिक संग्रहामुळे तर सभेबाहेरच्या हौशी माणसांनाही अशी चित्रे घरबसल्या न्याहाळता येऊ लागली.