घरी राहून शिक्षण : अर्ज भरण्यापूर्वी पाहायच्या गोष्टी



धडगाव-अक्कलकुवा भागात आठवी-नववीत शाळा सुटलेली पुष्कळ मुले चार-पाच वर्षांनी पुन्हा शिकू इच्छितात. तोवर वय वाढलेले असते, घरची जबाबदारी अंगावर आलेली असते. अशांना दूरशिक्षणाचा खरोखर आधार होतो. पण याच वाटेवर फसगतही होते. हंगामभर ऊस तोडून साठवलेले पैसे निरुपयोगी कागदात गेले, तर त्या घरातली धाकटी भावंडेही शिक्षणाला मुकतात. म्हणून अशा विद्यार्थ्याच्या फीला हातभार लावण्याआधी त्याच्याजवळ बसून पुढील गोष्टी तपासाव्यात.

१. प्रमाणपत्र कोण देणार? दहावी-बारावीसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. दहावीच्या प्रवेशासाठी वय १४ वर्षे पूर्ण असावे लागते. पदवीसाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (१९८५) आहेत. मात्र विद्यापीठाचे नाव ओळखीचे आहे एवढ्यावर थांबू नये. नेमका तोच अभ्यासक्रम त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षणाच्या यादीत आहे ना, हे पाहावे. मान्यता असलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते.

२. हा विषय घरी बसून शिकता येतो का? वैद्यकीय, दंतवैद्यकीय आणि अभियांत्रिकी पदव्या दूरशिक्षणाने देता येत नाहीत. आपल्या मुलींना नर्सिंगची ओढ असते. एएनएम किंवा जीएनएमचे शिक्षण रुग्णालयात प्रत्यक्ष काम केल्याशिवाय होत नाही. "घरबसल्या नर्स व्हा" असे कोणी सांगितले, तर तिथे एक रुपयाही भरू नये.

३. परीक्षा कधी आहे? मुक्त विद्यालयाची परीक्षा साधारणपणे एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा होते. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घर सोडतात. म्हणून तारखा मुकादमाची उचल घेण्याआधी पाहाव्यात, नंतर नव्हे. एक सोय मात्र मोठी आहे. सगळे विषय एकाच वेळी द्यावे लागत नाहीत. नोंदणी पाच वर्षे टिकते आणि त्या काळात नऊ संधी मिळतात. यंदा दोन विषय आणि पुढच्या खेपेला दोन, असे सुटसुटीत जाता येते.

४. स्वाध्याय कोण पाहणार? घरी लिहून द्यायच्या स्वाध्यायांनाही गुण असतात. मुक्त विद्यालयात त्यांचे वजन २० टक्के आहे. परीक्षेची भीती वाटणाऱ्याने हे हातचे गुण सोडू नयेत. अभ्यासकेंद्र किती लांब आहे, तिथे कोणत्या वारी यावे लागते आणि एसटीची सोय आहे का, हेही आधीच विचारावे.

५. एकूण खर्च किती? प्रवेश फी हा खर्चाचा एकच भाग. परीक्षा फी, प्रात्यक्षिके, प्रवास आणि मुक्काम धरून आकडा कागदावर मांडावा. पैसे संस्थेच्या अधिकृत खात्यात भरावेत आणि पावती घ्यावी. "परीक्षेला न बसता पास करून देतो" म्हणणारा एजंट असला, तर तिथूनच परत फिरावे. मूळ दाखले कोणाकडेही ठेवायला देऊ नयेत. शिष्यवृत्ती लागू होते का, याची चौकशी नंदुरबार किंवा तळोदा येथील आदिवासी प्रकल्प कार्यालयात करावी.

६. सोबत कोण आहे? बरेच विद्यार्थी नापास होण्याआधीच अभ्यास सोडतात. घरात भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी एकट्याने वाचणे जड जाते. आठवड्यातून दोन तास त्याच्याबरोबर धडा वाचणारे कोणी असेल, तर पुस्तकाची भीती मोडते.

मदत करताना फीचे पैसे द्याच, पण एवढ्यावर थांबू नका. मंडळीतल्या निवृत्त शिक्षकाने एक विद्यार्थी आपला मानावा. कोणी फॉर्म वाचून समजावून द्यावा, तर कोणी परीक्षेच्या दिवसांत तालुक्याच्या गावी त्याला दोन रात्री घरी ठेवावे. परीक्षा त्यालाच द्यायची आहे, पण केंद्रापर्यंतची वाट आपण सोपी करू शकतो.